बायोस्फिअर-२ मधला ऑक्सिजन नेमका गेला कुठे?

‘झाडं कमी पडली, म्हणून आतल्या माणसांचा श्वास कोंडला.’ बायोस्फिअर-२ म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात, बाहेरच्या हवेपासून तोडलेली छोटी पृथ्वीच उभारण्याचा प्रयोग. त्याच्याबद्दल हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते अर्धवट आहे.

सप्टेंबर १९९१ मध्ये आठ जण दोन वर्षांसाठी त्या काचबंद वास्तूत गेले. सुमारे १६ महिन्यांत हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साधारण १४ टक्क्यांवर आला आणि जानेवारी १९९३ मध्ये तो बाहेरून सोडावा लागला. खरा खादाड पायाखाली होता. शेतीसाठी भरलेली माती सेंद्रिय द्रव्यांनी इतकी समृद्ध होती, की तिच्यातले सूक्ष्मजीव झाडं बनवतील त्याहून जास्त ऑक्सिजन फस्त करत होते.

पण मग तेवढाच कार्बन डायऑक्साइड वाढायला हवा होता ना? तो तेवढा वाढला नाही, आणि संशोधक चक्रावले ते इथेच. चोर निघालं काँक्रीट! आतल्या उघड्या काँक्रीटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडने तो वायू शोषून त्याचा कॅल्शियम कार्बोनेट केला. कार्बनसोबत ऑक्सिजनही भिंतीत अडकला. झाडांना तो वायू मिळता, तर त्यांनी निदान काही ऑक्सिजन परत दिला असता.