इंजिनातून चाकापर्यंत

थांबलेली गाडी ढकलताना पहिल्या काही पावलांनाच घाम फुटतो. एकदा चाकं फिरू लागली की मग एका हातानंही ती पुढे सरकते. म्हणजे वाहनाला सगळ्यात जास्त जोर निघताना लागतो. आणि पेट्रोल-डिझेलचं इंजिन नेमकं तिथेच हात टेकतं. थांबलेल्या इंजिनाचा जोर शून्य. मिनिटाला सात-आठशे फेरे होत असतील तरच ते तग धरतं, फेरे त्याहून फार कमी झाले की गचके देऊन बंद पडतं. मोटार वाहनाचे कितीतरी भाग या एका उणिवेपायी जन्माला आले आहेत. म्हणून भागांची यादी पाठ करण्यापेक्षा इंजिनात तयार झालेल्या जोराचा माग काढत चाकापर्यंत जाणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

हा जोर तयार होतो सिलिंडर या नळकांड्यात. त्यात वर-खाली सरकणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन. निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये चालवून दाखवलेली चार टप्प्यांची रीत आजही तशीच आहे: पिस्टन खाली येताना हवा आणि इंधन आत घेतो, वर जाताना ते दाबतो, ठिणगी पडली की भडक्याने खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना जळका वायू बाहेर लोटतो. या चार खेपांत क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे, दोन फेरे होतात आणि कामाची खेप एकच. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा भडका उडत असतो. मधल्या तीन खेपा निभावून नेण्यासाठी क्रँकशाफ्टच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक बसवतात.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतोच. तिथे नुसती हवा तिच्या मूळ आकारमानाच्या साधारण पंधराव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. हा दाब सोसायचा म्हणून इंजिन जाडजूड आणि वजनदार होतं, पण कमी फेऱ्यांतही ते भरपूर जोर देतं. ट्रक, बस आणि ट्रॅक्टरमध्ये डिझेल का रुळलं, ते यावरून कळतं.

आता हा जोर चाकाकडे न्यायचा. इंजिन फिरतंय आणि चाकं थांबलेली आहेत, या दोघांची गाठ अलगद घालायचं काम क्लचचं. त्याची चकती फ्लायव्हीलवर हळूहळू दाबली जाते, आधी घसरते, मग घट्ट बसते. पण नुसत्या क्लचनं भागत नाही, आणि हे सर्वांत आधी ज्यांना रस्त्यावर कळलं त्यांच्यात बेर्टा बेन्झ होत्या. त्यांचे पती कार्ल बेन्झ यांना १८८६ मध्ये तीन चाकांच्या मोटारगाडीचं पेटंट मिळालं. एक सिलिंडर, जोर एका अश्वशक्तीपेक्षाही कमी. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा दोन मुलांना घेऊन तसल्याच गाडीतून जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेल्या, शंभर किलोमीटरहून जास्त. चढ आला की मुलांना खाली उतरून गाडी ढकलावी लागे. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा त्यांनी चांभाराकडून त्यावर चामडं लावून घेतलं. या प्रवासानंतर गाडीत चढासाठी आणखी एक गिअर आला. यंत्राची खरी परीक्षा बेर्टा यांनी घेतली, असं मी मानतो.

गिअर म्हणजे फेरे देऊन जोर घेण्याचा सौदा. लहान दातेरी चाकानं मोठं चाक फिरवलं की फेरे कमी होतात आणि तेवढ्याच पटीनं पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो. साध्या कारमध्ये पहिल्या गिअरला इंजिनाचे साधारण चौदा फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. घर्षणात जातो तेवढा वगळला तर चाकाला चौदापट पीळ मिळतो. वरच्या गिअरला हेच प्रमाण तीन-चारावर येतं.

यापुढचा भाग मला सगळ्या वाहनात सर्वांत देखणा वाटतो. वळण घेताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. किती जास्त? डाव्या-उजव्या चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल आणि गाडीनं एक पूर्ण गोल मारला, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त धावतं. गोल लहान असो की मैदानाएवढा, हा फरक बदलत नाही. कारण तो फक्त दोन चाकांमधल्या अंतरावर ठरतो. चौकात काटकोनात वळतानाही सव्वादोन मीटरहून जास्त फरक पडतो. दोन्ही चाकं एकाच आसाला जखडलेली असती, तर प्रत्येक वळणावर एक टायर रस्त्यावर घासत गेला असता.

यावरचा तोडगा म्हणजे डिफरन्शियल. इंजिनाकडून येणारा दांडा एक मोठं दातेरी चाक फिरवतो. त्या चाकाला जोडलेल्या पेटीत छोटी दातेरी चाकं असतात आणि ती डाव्या-उजव्या आसांच्या दात्यांत अडकलेली असतात. सरळ रस्त्यावर ही छोटी चाकं स्वतःभोवती फिरत नाहीत, पेटीबरोबर नुसती वाहून नेली जातात. वळणावर मात्र ती गिरकी घेतात, आणि एका आसाचा जेवढा वेग कमी होतो तेवढाच दुसऱ्याचा वाढतो. कोणी हिशेब करत नाही, दात्यांच्या रचनेतच तो भरलेला आहे. एक खोट आहे: साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतं. एक चाक चिखलात रुतून फुकट फिरू लागलं की कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्यालाही तेवढाच नाममात्र जोर मिळतो आणि गाडी अडते. ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉक देतात तो यासाठी. तो लावला की दोन्ही आस तात्पुरते एक होतात.

वाहनांचे प्रकार चाकं मोजून सांगायची पद्धत आहे. दुचाकी एका रेषेत चालते म्हणून तिला डिफरन्शियल लागत नाही, चेन किंवा पट्टा पुरतो, एवढं त्यातून कळतं. चारचाकींत मात्र जोर कोणत्या चाकांना जातो हे बघावं. ट्रकचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, कारण माल भरला की वजन मागे येतं आणि तिथेच टायरची पकड वाढते. हीच मांडणी पानार्द-लव्हासोर या फ्रेंच कंपनीनं १८९१ मध्ये मोटारगाडीत आणली होती. छोट्या कारमध्ये इंजिन आडवं ठेवून पुढच्याच चाकांना जोर देतात. मागे जाणारा लांब दांडा वाचतो आणि माणसांना जागा मिळते. १९५९ च्या मिनी या गाडीनं ही रचना किती जागा वाचवते ते दाखवून दिलं. बऱ्याच शहरी बसमध्ये इंजिन मागे असतं, त्यामुळे पुढची जमीन खाली आणता येते आणि चढणं-उतरणं सोपं होतं. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांना आणखी एक डिफरन्शियल किंवा तसलं काही लागतं, कारण वळणावर पुढची आणि मागची चाकंही सारखं अंतर जात नाहीत.

ब्रेकचं काम या सगळ्याच्या उलट, कमावलेली गती उष्णतेत घालवायची. १००० किलोची गाडी ताशी ७२ किलोमीटरनं जात असेल, तर तिच्यात २ लाख जूल ऊर्जा असते. वेग दुप्पट केला की ८ लाख. पॅडलवरचा पायाचा दाब नळीतलं तेल चारही चाकांपर्यंत पोहोचवतं. अवजड ट्रकमध्ये तेच काम दाबलेली हवा करते.

विजेच्या वाहनात निघतानाची ती अडचणच उरत नाही. मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण पीळ देते. ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी पहिली मोटारगाडी विजेवरची होती, १८९९ मध्ये कामिय जनात्झी यांनी चालवलेली. शून्यापासूनच जोर मिळतो म्हणून विजेच्या वाहनात क्लच नसतो, आणि बहुतेकांत बदलता येणारे गिअरही नसतात, फेरे कमी करणारी एकच ठरलेली जोडी असते. पण एकाच मोटरनं दोन चाकं फिरवायची असतील, तर ते ९.४ मीटर तिथेही चुकत नाहीत आणि डिफरन्शियल बसवावंच लागतं. दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटरी दिल्या तरच दात्यांचं ते काम संगणकाकडे जातं. स्टीअरिंग किती वळलं आहे ते बघून तो प्रत्येक मोटरीला वेगळा पीळ वाटून देतो.