डॉलिशची भिंत आणि उखडून टाकलेला दुसरा मार्ग

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या डॉलिशचा विषय निघाला की ५ फेब्रुवारी २०१४ च्या सकाळचे ते छायाचित्र हमखास समोर येते. खालचा भराव समुद्राने नेलेला आणि स्लीपरसकट रूळ हवेत लोंबकळत असलेले. ते पाहून सगळा घोटाळा एका रात्रीच्या वादळाने केला असे वाटते. पण प्लिमथ शहर आणि त्यापलीकडचा सगळा कॉर्नवॉल परगणा बाकीच्या देशापासून दोन महिने रेल्वेने तुटला, याचे कारण त्या रात्रीपेक्षा बरेच जुने आहे. रुळांना समुद्रापासून राखणारी भिंत याआधीही अनेकदा फुटली होती. मात्र पूर्वी ती फुटली, तर गाड्या वळवायला दुसरी वाट होती.

एक्सेटर शहराहून डॉलिश, टिनमथवरून प्लिमथला जाणारा हा मार्ग समुद्रालगत नेण्याचा निर्णय १८४० च्या दशकातला. आतल्या बाजूला टेकड्या, चढ आणि खर्च. किनाऱ्याने गेले तर सपाटी. एक्सेटर ते टिनमथ हा टप्पा मे १८४६ मध्ये सुरू झाला, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी धावायला अजून जवळपास सात वर्षे होती. डॉलिश आणि टिनमथच्या दरम्यान तांबड्या वालुकाश्माचा कडा कोरून पाच बोगदे काढले आणि उरलेल्या लांबीत कड्याच्या पायथ्याशी, पुळणीला खेटून भिंत बांधून तिच्यामागे रूळ टाकले. इंजिनाऐवजी नळीतल्या हवेच्या दाबाने गाडी ओढण्याचा प्रयोगही इथलाच. तो १८४८ मध्ये गुंडाळला गेला. त्याच्या सुरस कथा पुष्कळ आहेत, पण आजच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही. संबंध आहे तो जागेच्या निवडीचा. १८५५ मध्ये भिंतीला खिंडार पडले, १८७३ मध्ये पुन्हा पडले, आणि कड्यावरून दरडी तर कोसळतच राहिल्या.

या किनाऱ्याचे तोंड पूर्व-आग्नेयेकडे आहे. अटलांटिकवरून येणारी नैर्ऋत्येची वादळे त्याला थेट झोडपत नाहीत. वारा आग्नेयेकडून आणि त्यातच उधाणाची भरती, असे जुळून आले की खरी पंचाईत होते. लाटा भिंतीवरून रुळांवर येतात. ते पाणी परत जाताना खडी आणि भरावाची माती घेऊन जाते, भिंतीमागे पोकळी होते आणि आधार गेलेली भिंत कोसळते. समोरची पुळण जितकी उंच, तितकी लाट आधीच फुटते, म्हणून वाळूची धूप झाली की भिंतीवरचा मार वाढतो. खाऱ्या पाण्याचा त्रास गाड्यांनाही होतो. एका प्रकारच्या डिझेल गाड्यांच्या टपावरची विद्युत उपकरणे लाटांच्या तुषारांनी बंद पडत, त्यामुळे समुद्र खवळला की त्या गाड्या इथे चालवतच नसत.

किनारा टाळून आतून जावे, ही कल्पना काही २०१४ ची नाही. १९३०च्या दशकात या मार्गाच्या मालक कंपनीने बेरोजगारी निवारणाच्या सरकारी आधाराने असा मार्ग आखला होता. १९३६ आणि १९३७ मध्ये संसदेची मंजुरी मिळाली, मोजणी सुरू झाली, पण महायुद्ध लागले आणि काम थांबले. युद्धानंतर ते पुन्हा हाती घेतले गेले नाही.

त्याची निकड तेव्हा कोणाला भासली नाही, कारण डार्टमूर या उंच माळरानाच्या उत्तरेला वळसा घालून ओकहॅम्प्टन आणि टॅव्हिस्टॉकवरून जाणारा प्रतिस्पर्धी कंपनीचा मार्ग चालू होता. एक्सेटर ते प्लिमथ दोन वाटांनी जाता येई. डॉलिशला समुद्र चढला की गाड्या ओकहॅम्प्टनवरून वळवत. यासाठीची एक व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. दोन्ही बाजूंचे कर्मचारी रोजच्या काही गाड्या मुद्दाम एकमेकांच्या मार्गावरून चालवत. चालक आणि गार्ड यांना दुसऱ्या वाटेवरचे चढउतार आणि सिग्नल तोंडपाठ राहावेत, एवढाच त्याचा हेतू. पुढे रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९६३ मध्ये ओकहॅम्प्टनचा मार्ग ज्या विभागाकडे गेला, त्याच्याच ताब्यात किनाऱ्याचा मार्ग होता. एकाच विभागाच्या हिशेबात एकाच ठिकाणी जाणारे दोन मार्ग आले, तेव्हा कमी प्रवाशांचा मार्ग ‘जादा’ ठरला. मे १९६८ मध्ये मधला भाग बंद झाला आणि रूळ उखडले गेले. त्या कागदांवर प्रवासी, उत्पन्न, खर्च सगळे होते. डॉलिशची भिंत फुटली तर काय, याला रकाना नव्हता.

४ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री तो प्रश्न उभा राहिला. स्टेशनजवळच्या वस्तीसमोर भिंतीला सुमारे ८० मीटरचे खिंडार पडले, रस्ता खचला, घरांचे पाये उघडे पडले आणि लोकांना रातोरात बाहेर काढावे लागले. डागडुजीच्या कामगारांनी लाटांचा जोर तोडायला मालवाहू कंटेनर दगडमातीने भरून खिंडाराच्या तोंडाशी ओळीने जोडले आणि त्यांच्या आडोशाला काँक्रीट सुरू केले. १४ तारखेच्या वादळाने पुन्हा नुकसान केले. ४ मार्चला टिनमथजवळ सुमारे २०,००० टनांची दरड सुटल्याचे लक्षात आले. ती आपोआप येण्याची वाट पाहणे परवडणारे नव्हते, म्हणून पाण्याचे झोत मारून ती बेताबेताने खाली आणली. सुमारे ३०० माणसे भरतीच्या वेळा सांभाळत रात्रंदिवस राबली आणि ४ एप्रिलला गाडी धावली. या कामगारांचे कौतुक तेव्हा झाले. ते थोडेच झाले, असे मला आजही वाटते.

खरा वाद रूळ जोडल्यानंतर पेटला. जुलै २०१४ मध्ये रेल्वेचे जाळे सांभाळणाऱ्या यंत्रणेने पर्यायांचा अहवाल दिला. आहे तोच मार्ग मजबूत करायला ३९.८ ते ६५.९ कोटी पौंड. ओकहॅम्प्टनचा मार्ग पुन्हा बांधायला ८७.५ कोटी, आणि टेकड्यांतून डॉलिश टाळणाऱ्या नव्या मार्गांना १४९ ते ३१० कोटी. सोबतच्या लाभ-खर्चाच्या गणितात प्रत्येक जादा मार्गाचा लाभ खर्चाच्या बराच खाली राहिला. निष्कर्ष उघड होता: भिंत बळकट करा.

ओकहॅम्प्टनविरुद्धचे आक्षेप खोटे नव्हते. लंडनची गाडी त्या बाजूने न्यायची तर एक्सेटरला तिची दिशा उलटी करावी लागते, आणि पुढे कॉर्नवॉलला जायचे तर प्लिमथला पुन्हा एकदा. न्यूटन ॲबट, टॉर्की, पेनटन या दाट वस्तीला तो मार्ग शिवतही नाही. शिवाय एक्सेटरच्या उत्तरेचा काउली ब्रिज फाटा दोन्ही वाटांना सामाईक आहे, आणि २०१२ च्या पुरात तोच पाण्याखाली गेला होता.

तरीही त्या गणिताच्या मांडणीला माझा विरोध आहे. रोजच्या प्रवाशांची वाचणारी मिनिटे आणि वाढणारे तिकीट-उत्पन्न मोजून जादा मार्गाची किंमत ठरवली, तर ती नेहमी कमीच भरणार. अशा मार्गाचे मोल वर्षातल्या मोजक्या दिवसांत असते आणि त्या दिवसांत ते सगळ्या प्रदेशाचे असते. अहवालाने व्यत्ययाचा खर्च धरला, पण तो गाड्या बंद राहिल्याच्या भरपाईच्या अंगाने. ‘पुन्हा कापले जाऊ’ या धास्तीने जो कारखानदार प्लिमथला येतच नाही, त्याची नोंद कुठल्या रकान्यात करणार? आणि ८७.५ कोटींचा आकडा वाचताना हेही विसरू नये की १९६८ मध्ये तो मार्ग जागेवर होता. तेव्हा वाचवलेल्या देखभालखर्चाची किंमत पुढच्या पिढीसमोर नव्या बांधकामाचे बिल म्हणून आली.

भिंतीचे काम मात्र नेटाने झाले, हे मान्य केले पाहिजे. पहिला टप्पा ३६० मीटरचा, २०२० मध्ये पुरा झाला. दुसरा ४१५ मीटरचा, डॉलिश स्टेशनसमोरचा. भिंतीचा माथा समुद्राकडे वळवला आहे, त्यामुळे आदळलेली लाट उलटून मागे फेकली जाते. पार्सन्स बोगद्याच्या तोंडाशी १०९ मीटरचे दरड-छत झाले, कड्यांना जाळ्या बसल्या. या कामांवर मिळून सुमारे १६.५ कोटी पौंड खर्च झाले. सगळ्यात अवघड टप्पा मात्र शेवटचा: पार्सन्स बोगदा ते टिनमथ. तिथे कडा सुटू पाहतो, म्हणून २०१९ च्या आराखड्यात रूळ कड्यापासून दूर, समुद्राच्या बाजूला सरकवायचे होते. त्यात पुळण जाणार हे दिसताच स्थानिकांनी मोठा विरोध केला आणि आराखडा बदलावा लागला. आधीच्या टप्प्यांसारखे झपाट्याने काही तिथे घडले नाही.

ओकहॅम्प्टनच्या बाजूने अर्धे पाऊल पडले. नोव्हेंबर २०२१ मध्ये एक्सेटर-ओकहॅम्प्टन ही नियमित प्रवासी सेवा जवळपास पन्नास वर्षांनी सुरू झाली आणि प्रवाशांनी ती उचलून धरली. प्लिमथकडून टॅव्हिस्टॉकपर्यंत रूळ परत न्यायचा प्रस्तावही बंद मार्ग पुन्हा उघडण्याच्या सरकारी योजनेत होता. जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने ती योजनाच रद्द केली. ओकहॅम्प्टन आणि टॅव्हिस्टॉकच्या मधल्या भागासाठी तर पैसा कधी मंजूरच झाला नव्हता, आणि एक्सेटरहून प्लिमथला जाणारी प्रत्येक गाडी डॉलिशवरूनच जाते.