इस्लामी वित्ताच्या पदव्युत्तर अभ्यासाची पार्श्वभूमी

इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशात मित गम्र नावाचं गाव आहे. १९६३ साली अहमद अल-नज्जार यांनी तिथे एक बचत बँक काढली. ते पश्चिम जर्मनीत शिकलेले होते आणि तिथल्या गावोगावच्या बचत बँकांचा त्यांच्यावर प्रभाव होता. व्याज, म्हणजे 'रिबा', धर्माला मान्य नाही, म्हणून बँकेची पायरी न चढणाऱ्या शेतकऱ्यांना आणि छोट्या व्यावसायिकांना बचतीची सवय लावायची, हा त्यांचा हेतू. ठेवीवर व्याज द्यायचं नाही, कर्जावर घ्यायचं नाही. धंद्यात भागीदार व्हायचं आणि नफ्यातोट्यात वाटा उचलायचा. राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या राजवटीत धर्माचं नाव पुढे करणं जोखमीचं होतं, त्यामुळे बँकेच्या नावात 'इस्लामी' हा शब्दही नव्हता. १९६७ मध्ये हा प्रयोग थांबला, पण बिनव्याजी बँक चालू शकते, एवढं त्याने दाखवून दिलं.

पुढची उडी तेलाच्या पैशाने मारली. १९७३ नंतर आखाती देशांकडे अफाट पैसा आला. १९७५ मध्ये सौदी अरेबियात जेद्दाहला इस्लामी विकास बँक आणि दुबईत दुबई इस्लामिक बँक सुरू झाली, तर १९७७ मध्ये कुवेत फायनान्स हाउस. मधल्या १९७६ सालात मक्केत इस्लामी अर्थशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्यातूनच जेद्दाहच्या किंग अब्दुलअझीझ विद्यापीठात या विषयाचं संशोधन केंद्र उभं राहिलं. अलीगढला अध्यापन केलेले मुहम्मद नजातुल्लाह सिद्दिकी पुढे याच विद्यापीठात गेले. विषयाला शास्त्राचं रूप देणाऱ्यांत त्यांचं नाव फार वरचं आहे.

बँका उभ्या राहिल्या, पण त्या चालवणारी माणसं कुठून आणायची? माझ्या मते इस्लामी वित्ताच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचं मूळ या अडचणीत आहे. कर्मचारी आले ते नेहमीच्या बँकांतून. त्यांना कर्ज, तारण, व्याजदर तोंडपाठ. व्यवहार धर्माच्या नियमांत बसतात का हे तपासणाऱ्या शरिया मंडळांवर बसले ते फिक्हचे, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राचे, जाणकार. शेकडो वर्षांपूर्वीच्या करारांचे बारकावे त्यांना ठाऊक, पण ताळेबंद वाचण्याचा सराव नाही. दोघांची भाषा एकमेकांना कळेना.

ही अडचण किती खरी आहे, हे 'मुराबहा' या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या व्यवहारांपैकी एकात दिसतं. ग्राहकाला यंत्र हवं असतं. बँक ते स्वतः विकत घेते, आपला नफा उघडपणे सांगून किमतीत मिळवते आणि ग्राहकाला हप्त्यांवर विकते. हिशोबाच्या कागदावर हे व्याजाच्या कर्जासारखंच दिसेल. फरक आहे तो क्रमाचा. यंत्र आधी बँकेच्या मालकीचं आणि ताब्यात यायला हवं, मग विक्री. त्या मधल्या काळात यंत्र जळालं तर नुकसान बँकेचं. ग्राहकाला विकल्याच्या करारावर बँकेच्या खरेदीआधीची तारीख पडली, तर अख्खा व्यवहार बाद ठरू शकतो, कारण जे आपलं नाही ते बँकेने विकलं. हप्ता चुकला तर त्याचा दंडही बँकेला उत्पन्न म्हणून धरता येत नाही. बहुतेक ठिकाणी तो दानधर्माकडे वळवला जातो. फाइल तपासणाऱ्याला तारखाही बघाव्या लागतात आणि त्यांच्यामागचं कारणही माहीत असावं लागतं. वाणिज्याच्या पदवीत हे कारण शिकवत नाहीत आणि मदरशात ती फाइल हाती येत नाही. म्हणूनच हा विषय मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर रुजला: एक बाजू घेऊन आलेल्याला दुसरी जोडून देणारा.

मलेशियाने हे ओळखलं आणि सगळ्यात चिकाटीने राबवलं. हजसाठी पैसे साठवायची संस्था तिथे साठच्या दशकापासूनच होती. १९८३ मध्ये इस्लामी बँकिंगचा कायदा आला, बँक इस्लाम सुरू झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठही. २००५ मध्ये तर मध्यवर्ती बँकेनेच केवळ इस्लामी वित्तासाठी आयएनसीईआयएफ हे विद्यापीठ काढलं. नियमांची घडीही तोवर बसली होती: हिशोबाचे मानदंड ठरवणारी 'आयोफी' ही संस्था बहारीनमध्ये, देखरेखीचे निकष ठरवणारं मंडळ क्वालालंपूरला. शरिया लेखापरीक्षण, शरिया जोखीम ही बँकेतली स्वतंत्र कामं झाली. या कामांच्या जागा पाहून येणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही.

ब्रिटनमध्येही वाट तयार झाली. डरॅम विद्यापीठात हा विषय पूर्वीपासून शिकवला जातो. २००४ मध्ये देशात पूर्ण इस्लामी तत्त्वांवरची बँक उघडली आणि २०१४ मध्ये सरकारनेच २० कोटी पाउंडांचे सुकूक, म्हणजे मालमत्तेवर आधारलेले रोखे, काढले. २००८ च्या आर्थिक संकटानंतर मुस्लीम नसलेल्या विद्यार्थ्यांनाही यात रस वाटू लागला. कर्जावर कर्ज रचत जाणाऱ्या व्यवस्थेला पर्याय असू शकतो का, हा त्यांचा प्रश्न होता.

श्रद्धेपोटी येणाऱ्यांची परीक्षा मात्र वर्गातच होते. २००७ च्या अखेरीस पाकिस्तानातले धर्मशास्त्राचे विद्वान मुफ्ती तकी उस्मानी यांनी, बाजारातले बहुसंख्य सुकूक शरियाच्या कसोटीला उतरत नाहीत, असं म्हटलं आणि बाजार हादरला. २००९ मध्ये ओआयसी या मुस्लीम देशांच्या संघटनेच्या फिक्ह अकादमीने संघटित 'तवर्रुक' अमान्य ठरवला. यात ग्राहक बँकेकडून धातूसारखी वस्तू उधारीवर घेतो, बँकच ती त्याच्या वतीने लगेच रोखीने विकते आणि त्याच्या हातात शेवटी नुसते पैसे येतात. मलेशियात हाच व्यवहार मान्य आहे आणि आजही सर्रास होतो. दोन्ही बाजूंना मोठे विद्वान आहेत. प्रबंधाला बसलेल्या विद्यार्थ्याला त्यातली एक बाजू घ्यावी लागते आणि ती फिक्हच्या आधाराने मांडून ताळेबंदावरही पटवून द्यावी लागते.