ड्राफ्ट कार्ड जाळणं (अमेरिका, व्हिएतनाम युद्धाचा काळ)

व्हिएतनाम युद्धाच्या काळात सक्तीच्या लष्करभरतीला म्हणजे ड्राफ्टला विरोध म्हणून अमेरिकेतली तरुण पोरं आपलं भरतीचं कार्ड चारचौघांत जाळायची, त्या निषेधाविषयीची ही नोंद. कार्डं खरं तर दोन असायची. एक नोंदणीचं, अठरा वर्षं पूर्ण झाली की मिळणारं, आणि दुसरं लोकल बोर्डानं, म्हणजे भरतीच्या स्थानिक समितीनं, कुठल्या वर्गात टाकलंय ते सांगणारं. वन-ए म्हणजे बोलावणं येऊ शकतं, टू-एस म्हणजे कॉलेजात शिकतोय तोवर सूट. दोन्ही कायम जवळ बाळगायची सक्ती होती.

पहिलं कार्ड कोणी जाळलं यावर एकमत नाही. बहुतेक ठिकाणी डेव्हिड मिलरचं नाव येतं, त्यानं १५ ऑक्टोबर १९६५ ला मॅनहॅटनमधल्या व्हाइटहॉल स्ट्रीटवरच्या भरती केंद्राजवळच्या सभेत कार्ड पेटवलं. पण मे १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्येच साधारण डझनभर विद्यार्थ्यांनी कार्डं जाळली होती, त्याच्याही आधी १९६३ च्या ख्रिसमसला इलिनॉयमधल्या शॅम्पेनमध्ये युजीन कीजनं एकट्यानं जाळलं होतं, आणि काही अभ्यासक तर थेट फेब्रुवारी १९४७ पर्यंत मागे जातात, तेव्हा शांततावाद्यांनी कार्डं जाळली किंवा सरकारला परत पाठवली होती. १९४७ चा प्रसंग पूर्वपीठिका म्हणून धरणं जास्त पटतं कारण तेव्हा अमेरिकेपुढे व्हिएतनामचा प्रश्नच नव्हता. मिलरचं महत्त्व वेगळं आहे. ऑगस्ट १९६५ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, कायदा दुरुस्त करून कार्ड जाणूनबुजून नष्ट करणं हाच गुन्हा केला, शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड, आणि त्या दुरुस्तीखाली दोषी ठरलेला पहिला माणूस म्हणजे मिलर.

कायदेशीर वाद मिटला तो डेव्हिड ओब्रायनच्या खटल्यात. ३१ मार्च १९६६ ला त्यानं आणि आणखी तिघांनी साउथ बोस्टनच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर कार्डं जाळली आणि जमावानं त्यांना मारहाण केली. खालच्या अपील कोर्टानं ही दुरुस्ती अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या विरोधात आहे असं म्हटलं, पण २७ मे १९६८ ला सुप्रीम कोर्टानं ७ विरुद्ध १ मतांनी ती वैध ठरवली. कोर्टाचं म्हणणं, कार्डाचे व्यवहारात उपयोग आहेत, नोंदणीचा पुरावा, बोर्डाशी संपर्क, पत्ता बदलला तर कळवायची आठवण वगैरे, त्यामुळे बंदीचा हेतू तोंड बंद करण्याचा नाही. पण काँग्रेसच्या समित्यांच्या अहवालांत निदर्शकांवरचा राग स्पष्ट दिसतो आणि कोर्टानं कायदेमंडळाचा हेतू तपासायला नकार दिला, निकालाची कमकुवत बाजू हीच. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती डग्लस यांनी तर त्याहून मोठा प्रश्न काढला, युद्ध जाहीर केलेलं नसताना सक्तीची भरती घटनेत बसते का?

विद्यार्थ्यांचा सहभाग १९६७ मध्ये वाढला. १५ एप्रिलला सेंट्रल पार्कच्या शीप मेडोमध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या मुलांच्या पुढाकारानं दीडशेच्या आसपास कार्डं जळाली. इथे एक गोष्ट विसरता कामा नये, टू-एसवाला पोरगा तसा सुरक्षित होता आणि निषेध करून तो ती सुरक्षितता पणाला लावत होता. ऑक्टोबर १९६५ मध्ये मिशिगनमधल्या अॅन आर्बरच्या बोर्डात धरणं धरणाऱ्या काही विद्यार्थ्यांची सूट काढून त्यांना वन-ए केलं होतं, आणि भरती खात्याचे प्रमुख जनरल हर्शी यांनी ऑक्टोबर १९६७ मध्ये बोर्डांना हाच रस्ता सुचवला. शिक्षा म्हणून भरती करण्याची ही पद्धत सुप्रीम कोर्टानं जानेवारी १९७० मध्ये बेकायदा ठरवली.

१६ ऑक्टोबर १९६७ ला ‘द रेझिस्टन्स’ या गटाच्या हाकेवर अनेक शहरांत हजाराहून जास्त कार्डं जमा झाली, जाळण्याऐवजी सरकारला परत करायला. १ डिसेंबर १९६९ ला कोणाला आधी बोलवायचं ते ठरवायला जन्मतारखांची लॉटरी आली, १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली, आणि जानेवारी १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी भरती टाळणाऱ्यांना माफी दिली. नोंदणी १९८० मध्ये परत सुरू झाली, आणि कार्ड नष्ट करण्याविरुद्धचं कलम अजून कायद्यात आहे.