हळद की बेसन? आयपीएस आणि व्हीए मॉनिटरमधला फरक

सांगलीत डीटीपीचं काम करायचं म्हणजे लग्नपत्रिका आणि फ्लेक्सच्या जोडीला हळद पावडरीची पाकिटं आलीच. मागे नवा 24 इंची मॉनिटर घेतला. दुकानात त्याच्यावरचा काळा रंग असा काळाकुट्ट दिसला की शेजारच्या मॉनिटरचा काळा त्यापुढे राखाडी वाटावा. भुललो आणि घेऊन आलो.

आठवड्यात मार्केट यार्डातलं एक गिऱ्हाईक पाकिटाचं डिझाइन बघायला आलं. माझ्या उजवीकडे स्टूल असतो, त्यावर बसले. थोडा वेळ बघून म्हणाले, "ही हळद हाय का बेसन, ओ?" मी म्हटलं, पिवळी शाई 100 टक्के, मॅजेंटा म्हणजे गुलाबी 25 टक्के टाकलाय, बेसन कसं होईल? मग उठून त्यांच्या जागी बसलो. बेसनच होतं.

तो मॉनिटर व्हीए पॅनेलचा, म्हणजे त्या जातीच्या पडद्याचा होता. शेजारी राखाडी वाटलेला, तो आयपीएस.

आधी एक घोळ मिटवू. खोक्यावर ठळक 'एलईडी' छापलेलं असतं, त्यावरून यातलं काहीच कळत नाही. दोन्ही मॉनिटर एलसीडीच आहेत. एलईडी म्हणजे फक्त मागचा दिवा; पूर्वी तिथे बारीक ट्यूबा असायच्या. खरा फरक त्या दिव्यापुढे प्रकाश अडवायला आणि सोडायला बसवलेल्या द्रव स्फटिकांत आहे.

आयपीएसमध्ये हे स्फटिक काचेला समांतर आडवे असतात आणि आडव्यातल्या आडव्यातच फिरतात. व्हीएमध्ये वीज नसताना ते काचेवर उभे असतात, आणि वीज मिळाली की कलतात. उभे असले की प्रकाश जवळजवळ पूर्ण अडतो, म्हणून तो काळा रंग तसा काळा. पण अर्धवट कलले की पंचाईत. वाऱ्याने एका अंगाला कललेला ऊस या बांधावरून एक दिसतो आणि त्या बांधावरून वेगळाच, तसं होतं. कंपन्या यावर उपाय म्हणून एकाच पिक्सेलचे भाग करून त्यातले स्फटिक वेगवेगळ्या दिशांना कलवतात. त्याने फरक कमी होतो, जात नाही.

स्क्रीनवर हळदीच्या पिवळ्यात निळा उजेड अगदी दाबलेला असतो. व्हीएकडे बाजूने पाहिलं की असे दाबलेले, अंधारे भाग वर उचलले जातात. निळा थोडा वर आला की पिवळा फिका पडतो, आणि नारिंगी झाक गेली की उरतं ते बेसन. फाइलमध्ये आकडे बरोबर, माझ्या खुर्चीतूनही रंग बरोबर, फक्त पैसे देणाऱ्याच्या स्टुलावरून चूक!

गंमत म्हणजे दोन्ही खोक्यांवर बघण्याचा कोन 178 अंशच लिहिलेला असतो. हा आकडा साधारणपणे काँट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ, ते) 10:1 इतका उतरेपर्यंत धरलेला असतो. तोवर रंगाचं काय झालं, हे त्यात मोजलेलंच नसतं.

मग व्हीए टाकाऊ का? मुळीच नाही. साध्या आयपीएसचा काँट्रास्ट 1000:1 च्या आसपास, व्हीएचा 3000:1 किंवा त्याहून जास्त. रात्री दिवे घालवून सिनेमा लावला की आयपीएसचा काळा धुरकट वाटतो आणि कोपऱ्यात उजेडाची झाक दिसते. तिथे व्हीए सरस. पण दिवसा, डोक्यावर ट्यूबलाइट आणि समोर रस्त्याचा उजेड असताना काचेवरच इतका प्रकाश पडतो की व्हीएच्या काळ्याचं कौतुक बरंचसं संपतं. दुकानात, ऑफिसात बसणाऱ्याने त्यासाठी जीव टाकू नये. शिवाय बऱ्याच व्हीएंमध्ये काळ्यातून गडद राखाडीत जायला पिक्सेल वेळ लावतात. काळ्या पानावरची अक्षरं भरभर सरकवून बघा, मागे शेपूट ओढल्यासारखं दिसतं. गेम खेळणाऱ्या पोरांना ते लगेच खुपतं.

एकट्याने समोर बसून टॅलीच्या नोंदी मारायच्या असतील तर दोन्हीपैकी स्वस्त मिळेल तो घ्या. ओएलईडी दोघांच्याही वरचढ आहे; तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळा म्हणजे चक्क बंद. पण महाग, आणि दिवसभर एकाच जागी तोच टूलबार राहिला तर त्याचा डाग कायमचा उमटण्याची भीती. डीटीपीवाल्याचा टूलबार कुठे हलतो?

खोक्यावर पॅनेलचं नाव नसेल तर काँट्रास्टचा आकडा बघा. 1000 किंवा 1300 असेल आणि कोन 178 असेल तर बहुतेक आयपीएस. 3000, 4000 असेल तर व्हीए. कोन 170/160 लिहिला असेल तर तो टीएन नावाचा तिसरा प्रकार, रंगाच्या कामाला नकोच. 'डायनॅमिक काँट्रास्ट' म्हणून लाखा-कोटीत आकडा असतो, त्याकडे ढुंकूनही बघू नका. आणि पेनड्राइव्हवर स्वतःचंच एखादं गडद डिझाइन घेऊन जा, दुकानदाराला लावायला सांगा, मग दोन पावलं बाजूला सरका. दुकानातला तो चकचकीत व्हिडिओ सगळ्याच स्क्रीनवर छान दिसतो.

माझा व्हीए आता घरी आहे, मुलगा रात्री त्यावर मॅच बघतो. दुकानात आयपीएस आला आणि स्टुलावरून बेसनाची तक्रार थांबली. तरी पाकिटाला मंजुरीची सही मी छापील प्रूफवरच घेतो. स्क्रीनवरचा पिवळा उजेडाचा आणि पाकिटावरचा शाईचा; हे दोन पिवळे कुठल्याच पॅनेलवर तंतोतंत जुळलेले मी अजून पाहिलेले नाहीत.