पार्श्वभूमी : नॅसकारमधले मृत्यू आणि उशिरा आलेले नियम

१८ फेब्रुवारी २००१. डेटोना ५०० शर्यतीची शेवटची फेरी चालू असताना डेल अर्नहार्टची काळी, तीन नंबरची शेव्हरोले काँक्रीटच्या भिंतीवर आदळली आणि सात वेळा विजेतेपद मिळवलेला हा ४९ वर्षांचा चालक मरण पावला. तेव्हापासून नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेत स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या, तीन मुख्य राष्ट्रीय मालिकांमध्ये ट्रॅकवर एकाही चालकाचा जीव गेलेला नाही. हे कसं साधलं ते सांगताना गोष्ट बहुधा अर्नहार्टपासूनच सुरू केली जाते. मला ते अपुरं वाटतं. कवटीच्या तळाचं हाड मोडण्याच्या ज्या दुखापतीने तो गेला ती आधीपासून माहीत होती, आणि ती टाळणारं साधन विकत मिळत होतं.

थोडं मागे जायला हवं. बिल फ्रान्स यांनी १९४८ मध्ये नॅसकार उभी केली, तेव्हा स्टॉक कार म्हणजे खरोखरच दुकानातून घेतलेली गाडी असायची. पुढे गाड्या वेगवान होत गेल्या, संरक्षण मात्र मागेच राहिलं. १९६४ चं साल सगळ्यात वाईट ठरलं. आधीची सलग दोन वर्षं विजेता ठरलेला जो वेदरली जानेवारीत रिव्हरसाइडच्या ट्रॅकवर मरण पावला. त्याने खांद्याचे पट्टे लावले नव्हते. डोकं खिडकीबाहेर जाऊन भिंतीवर आपटलं. मे महिन्यात शार्लटला फायरबॉल रॉबर्ट्सच्या गाडीने पेट घेतला. नेड जॅरेटने त्याला ओढून बाहेर काढलं, पण भाजल्याच्या जखमांनी जुलैत त्याचा मृत्यू झाला. सप्टेंबरमध्ये टायरची चाचणी घेताना जिमी पार्ड्यू गेला. या धक्क्यांनंतर पत्र्याच्या टाकीऐवजी आत रबरी पिशवी असलेली इंधनटाकी आली, टायरच्या आत दुसरा टायर आला. खिडकीच्या जाळीसाठी १९७० उजाडावं लागलं. डार्लिंग्टनला रिचर्ड पेटीची गाडी उलटली आणि त्याचा हात खिडकीतून बाहेर लोंबताना साऱ्यांनी पाहिला, तेव्हा कुठे जाळी सक्तीची झाली.

१९८७ मध्ये टॅलाडेगाच्या शर्यतीसाठीच्या पात्रता फेरीत बिल इलियटने ताशी ३४२ किलोमीटरचा वेग गाठला. त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसनची गाडी हवेत उडून प्रेक्षकांसमोरच्या कुंपणात घुसली. पुढच्या वर्षीपासून मोठ्या ट्रॅकवर इंजिनाची हवा रोखणाऱ्या चकत्या बसवून वेग कमी केला गेला.

तोवर गाड्यांचे सांगाडे भक्कम झाले होते. कोलांट्या खाणाऱ्या गाडीतून चालक चालत बाहेर यायचे, कारण प्रत्येक आपटीत थोडी थोडी ऊर्जा निघून जाते. खरा धोका दिसायला साध्या अपघातात असतो: गाडी तिरपी जाऊन थेट भिंतीला भिडते आणि क्षणार्धात थांबते. पट्ट्यांनी जखडलेलं धड जागेवर राहतं, पण हेल्मेटसकट जड झालेलं डोकं पुढे फेकलं जातं. सगळा ताण मानेवर येतो आणि कवटीच्या तळाचं हाड मोडतं.

१९८१ मध्ये मिड-ओहायो ट्रॅकवर पॅट्रिक जॅकमार हा फ्रेंच चालक मरण पावला. त्याचा मित्र आणि स्वतः रेसिंग करणारा जिम डाउनिंग आपल्या मेहुण्यांकडे गेला. हे मेहुणे म्हणजे मिशिगन स्टेट विद्यापीठात बायोमेकॅनिक्स शिकवणारे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड. दोघांनी मिळून हॅन्स नावाचं साधन बनवलं. बैलाच्या मानेवरच्या जुवासारखी ही ताठ कॉलर खांद्यावर बसते, वरून सीटबेल्ट घट्ट दाबून धरतात, आणि दोन्ही बाजूंनी निघणारे पट्टे हेल्मेटला अडकवलेले असतात. धड थांबलं की डोकंही थांबतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते विक्रीला आलं, पण नॅसकारमध्ये घेणारे फार थोडे. जड वाटतं, मान वळत नाही, आग लागली तर बाहेर पडता येणार नाही, अशा तक्रारी होत्या. अर्नहार्टलाही ते नकोसं होतं. आणि चालकाने काय घालावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, अशीच नॅसकारची भूमिका होती.

२००० साली तरी ती बदलायला हवी होती. १२ मे रोजी न्यू हॅम्पशरला सरावात ॲडम पेटी मरण पावला. वय अवघं १९. पणजोबा-आजोबांच्या काळापासून रेसिंगमध्ये असलेल्या घराण्यांच्या गप्पा होतात, पण इथे लागोपाठ चौथी पिढी उतरली होती: पणजोबा ली पहिल्या डेटोना ५०० चे विजेते, आजोबा रिचर्ड यांच्या नावावर २०० विजय, वडील काइल नॅसकारच्या मुख्य मालिकेत धावत होते. ली पेटी वारल्याला जेमतेम पाच आठवडे झाले होते. ७ जुलैला त्याच ट्रॅकच्या त्याच तिसऱ्या वळणावर केनी अर्विन गेला. दोघांच्याही कवटीचा तळ मोडला होता. ऑक्टोबरमध्ये टेक्सासला ट्रक मालिकेत टोनी रोपर मानेच्या दुखापतीने गेला. न्यू हॅम्पशरच्या दोन्ही अपघातांत ॲक्सिलरेटर अडकल्याचा संशय होता, म्हणून स्टिअरिंगवर इंजिन बंद करायचं बटण आलं आणि सप्टेंबरच्या न्यू हॅम्पशर शर्यतीत चकत्या बसवून वेग उतरवला गेला. मानेचा विषय मात्र तसाच राहिला. हे मला आजही खुपतं. पाच महिन्यांत तीन माणसं गेली आणि तरी सक्ती झाली नाही.

अर्नहार्टनंतर सहा महिने चौकशी चालली. अहवाल ऑगस्ट २००१ मध्ये आला, अपघाताची नोंद ठेवणारी ब्लॅक बॉक्स पुढच्या हंगामापासून बसवायचं ठरलं, पण हॅन्सची सक्ती तेव्हाही झाली नाही. बहुतेक चालक आपणहून ते वापरू लागले होते. ४ ऑक्टोबरला शार्लटला आर्का या तेव्हा नॅसकारबाहेरच्या मालिकेच्या शर्यतीत २५ वर्षांचा ब्लेझ अलेक्झांडर त्याच दुखापतीने गेला. त्याची टक्कर अर्नहार्टच्याच थोरल्या मुलाच्या, केरीच्या गाडीशी झाली होती. त्यानंतर दोन आठवड्यांत नॅसकारने मान सांभाळणारं साधन सक्तीचं केलं. फॉर्म्युला वनने २००३ पासून हॅन्स सक्तीचं केलं.

भिंतीवरचं कामही आधीच सुरू होतं. नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग यांच्या गटाने काँक्रीटपुढे पोलादी नळ्या आणि मागे फोमचे ठोकळे असलेली सेफर भिंत तयार केली. इंडियानापोलिसला ती मे २००२ मध्ये लागली. मग हळूहळू बाकी ट्रॅकवर, पण सगळीकडे नाही. २०१५ मध्ये डेटोनालाच काइल बुश आतल्या बाजूच्या उघड्या काँक्रीटवर आदळला. उजवा पाय आणि डावं पाऊल मोडलं. जिवावरचं पायावर निभावलं. ट्रॅकच्या प्रमुखांनी त्याच दिवशी चूक कबूल केली. बुश अकरा शर्यतींना मुकला आणि तरी त्या वर्षी विजेता झाला.

२०२० च्या डेटोना ५०० मध्ये शेवटच्या फेरीत रायन न्यूमनची गाडी उलटी झाली असताना दुसरी गाडी येऊन त्यावर आदळली. दोन दिवसांत तो दोन्ही मुलींचे हात धरून इस्पितळातून बाहेर आला. त्याला वाचवणाऱ्या सांगाड्यात त्याच्याच आधीच्या अपघातानंतर वाढवलेला एक दांडा होता.

२०२२ मध्ये नॅसकारच्या मुख्य मालिकेत सगळ्यांसाठी नवी गाडी आली. तिचा मागचा भाग फार ताठ असून मागून बसणारे धक्के थेट अंगावर येतात, असं चालक हंगामभर सांगत होते. जुलैत पोकोनोला पात्रता फेरीत कर्ट बुशच्या डोक्याला मार बसला आणि त्याची कारकीर्द संपली. सप्टेंबरमध्ये टेक्सासला ॲलेक्स बोमनलाही तसाच मार बसला. तो पाच शर्यतींना मुकला. ऑक्टोबरमध्ये बदललेल्या सांगाड्याची चाचणी झाली आणि २०२३ च्या हंगामात मागचा भाग चेपेल असा करून गाड्या ट्रॅकवर आल्या.