फ्रेंच हॉर्नचा माउथपीस: रिम ओठांची, कप हॉर्नचा

फ्रेंच हॉर्न या पितळी वाद्याच्या माउथपीसची, म्हणजे फुंकायच्या सुट्या तोंडाची, वरची कडा, म्हणजे रिम, वादकाच्या ओठांशी जुळावी लागते. त्याखालचा कप, गळ्याचं भोक आणि शँक, म्हणजे हॉर्नमध्ये बसणारी निमुळती नळी, मात्र हॉर्नशी जुळावे लागतात. निवडताना घोळ होतो तो इथेच. खर्ज लागत नाही म्हणून मोठ्या कपाचा माउथपीस आणला जातो, त्यासोबत रिमही बदलते आणि मग फरक कशाने पडला ते कळत नाही.

सुरुवात शँकपासून करा; तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. शँकचे दोन उतार प्रचलित आहेत, अमेरिकी आणि युरोपीय. शँक लीडपाइपमध्ये, म्हणजे हॉर्नच्या सुरुवातीच्या नळीत, साधारण 1 इंच जायला हवी. बसवून बोटाने हलवून बघा. डगडगली तर उतार जुळत नाही, आणि अशा जोडीत सुरांमधली अंतरं बिघडतात. कागद गुंडाळून वेळ मारून नेऊ नका.

रिमचा आतला व्यास बहुधा 16.5 ते 18.5 मिमी असतो. नवख्याने 17.5च्या आसपास सुरुवात करावी. हॉर्नवर साधारण दोन तृतीयांश वरचा ओठ आणि एक तृतीयांश खालचा ठेवतात. त्यामुळे जाड ओठांच्या वादकाचा वरचा ओठ अरुंद रिममध्ये दबतो आणि खर्ज अडतो. फार रुंद रिमवर ओठ लवकर थकतात, तार सप्तकातले सूर आधी जातात. गोल काठावर एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणं सोपं. सपाट काठावर दाब पसरतो, दम टिकतो, पण चपळाई कमी होते.

ट्रम्पेटचा कप गोलसर आणि उथळ, हॉर्नचा नरसाळ्यासारखा खोल. कपातली हवा आणि खालचा अरुंद गळा मिळून हेल्महोल्ट्झ अनुनादक बनतो, म्हणजे बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर ती घुमते तसा ठरावीक सुरात घुमणारा पोकळ भाग. रिम तळहातावर हलकेच आपटा; ‘टप’ असा आवाज येईल, त्याला स्वतःचा सूर असतो. कप मोठा किंवा भोक बारीक असेल तर तो सूर खालचा लागतो. दोन माउथपीस असे लागोपाठ आपटले की न फुंकताही त्यांचा स्वभाव कळतो. कप गरजेपेक्षा मोठा असेल तर हॉर्नचे वरचे सूर उतरतात. एफ हॉर्नची नळी सुमारे 3.7 मीटर लांब असते आणि तिचे वरचे सूर इतके जवळ असतात की जरा चुकलं की शेजारचाच सूर लागतो.

भोकाचे क्रमांक ड्रिलचे असतात, म्हणजे उलटे: 14 क्रमांक म्हणजे 4.6 मिमी, 10 क्रमांक म्हणजे 4.9. बारीक भोकाने वरचे सूर पक्के बसतात, पण जोराने फुंकलं की आवाज कोंडतो. मोठ्या भोकाने आवाज भरदार होतो, पण श्वास जास्त लागतो आणि हळू वाजवताना सूर धरवत नाही. मोठं भोक म्हणजे उत्तम आवाज, ही समजूत सोडा.

पारखताना एकावेळी एकच माप बदला. स्क्रू-रिमचे माउथपीस यासाठी सोयीचे, कारण रिम तीच ठेवून कप बदलता येतो. अगदी हळू लांब सूर, खर्जापासून तारेपर्यंत जोडून घेतलेल्या उड्या आणि शांततेतून सुरू होणारा सूर, एवढं वाजवा. नवा माउथपीस पहिल्या दिवशी नेहमीच गोड वाटतो. दोन आठवडे द्या. हॉर्नचं तोंड मागे असतं, म्हणून वादकाला भिंतीवरून परतलेला आवाजच जास्त ऐकू येतो. फरशीच्या रिकाम्या खोलीत काहीही झळाळतं. पडदे असलेल्या खोलीत कोणाला तरी पाच-सहा मीटर दूर बसवून ऐकवा.

बडोद्यात एक गोष्ट आणखी. हवा 1 अंशाने तापली की सूर सुमारे 3 सेंट चढतो. अर्धस्वर 100 सेंटचा. जानेवारीतल्या पहाटेचे 15 अंश आणि मेच्या दुपारचे 40 यांत फुंकेच्या उबेमुळे सगळा फरक सुरात दिसत नाही, तरी बराच दिसतो. म्हणून कमाटीबागेत उन्हाळ्यात उघड्यावर वाजवताना सूर चढला, तर कपाला दोष देण्याआधी ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, बाहेर ओढा.